ज्युडो की कराटे? खानापूर तालुक्यातल्या दोन मुलांसाठी मुळापासून माहिती हवी

मलप्रभाकाठ

नमस्कार मंडळी. आम्ही बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरजवळच्या गावात राहतो. मुलगा नऊ वर्षांचा, मुलगी तेरा वर्षांची. घरात आजोबांपासून तालमीची ओढ आहे, त्यामुळे मुलगा दोन वर्षं लाल मातीत जातोय. जोर-बैठका, पट काढणं, धोबीपछाड एवढं त्याला येतं. आता गावच्या समुदाय भवनात आठवड्याचे तीन दिवस ज्युडोचा वर्ग सुरू होतोय. शाळेत कराटे आधीपासूनच आहे. दोन्हीकडे पाठवायला वेळ नाही, एकच निवडायचंय.

या विद्या मुळात कशासाठी निघाल्या, आणि जाहिरातीत लिहितात त्यातले खरे फायदे कोणते, हे नीट सांगाल का? फेकाफेकीत डोक्याला, मानेला मार लागतो म्हणतात, ते कितपत खरं? मातीत शिकलेलं ज्युडोत उपयोगी पडतं की आड येतं? मुलीला आत्ता सुरुवात करून दिली तर उशीर होईल का? आणि शिकवणारे बरोबर शिकवतायत हे आमच्यासारख्यांनी कसं ओळखायचं?

मॅटवरची

ताई, मी ज्युडोचं लिहिते. कराटेचं त्यातलं जाणतं माणूस लिहील.

ज्युडो फार जुनी विद्या नाही. जपानमध्ये सामुराईंच्या काळापासून जुजुत्सूची अनेक घराणी होती. फेकणं, गळा आवळणं, सांधा उलटवणं, वार करणं, सगळं त्यात यायचं. १८६८ नंतर सामुराई वर्ग मोडीत निघाला आणि या घराण्यांना शिष्य मिळेनासे झाले. त्याच सुमारास जिगोरो कानो (जन्म १८६०) हे किरकोळ अंगाचे विद्यार्थी तेन्जिन शिन्यो आणि कितो या दोन घराण्यांत शिकले. १८८२ साली तोक्योतल्या एइशोजी मंदिरात, बारा चटया मावतील एवढ्या जागेत, त्यांनी कोदोकान ही ज्युडोची पहिली शाळा सुरू केली. पेशाने ते शिक्षक होते. पुढे शिक्षक घडवणाऱ्या मोठ्या संस्थेचे ते प्रमुख झाले, आणि १९०९ मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीवर गेलेले पहिले आशियाईही तेच. आपल्या देशातही ही विद्या लवकर आली. रवींद्रनाथांनी बोलावल्यावरून शिन्झो ताकागाकी १९२९ मध्ये शांतिनिकेतनात ज्युडो शिकवायला आले होते.

कानोंनी काय ठेवलं आणि काय बाजूला काढलं ते बघा. जे डाव पूर्ण ताकदीने केले तर समोरचा जायबंदीच होईल, ते त्यांनी कातामध्ये, म्हणजे ठरलेल्या क्रमाच्या सरावात ठेवले. बाकीचे डाव दोघांनी खरोखर जोर लावून, एकमेकांना अडवत खेळायचे. याला रांदोरी म्हणतात आणि ज्युडोचा जीव त्यात आहे. पण रांदोरी रोज खेळता येते ती पडणाऱ्याला पडता येतं म्हणून. पडण्याच्या या तंत्राला उकेमी म्हणतात. वर्ग बघायला जाल तेव्हा फेकणाऱ्याकडे बघू नका, पडणाऱ्याकडे बघा. वर्गाची सगळी किंमत तिथे कळते.

मागे पडण्याची उकेमी अशी शिकवतात. आधी पाठीवर झोपूनच. हनुवटी छातीला टेकवायची आणि नजर स्वतःच्या पट्ट्याच्या गाठीवर ठेवायची, म्हणजे डोकं आपोआप जमिनीपासून उचललेलं राहतं. दोन्ही हात अंगापासून साधारण ३० ते ४५ अंशांत, तळवे खाली. कोपरापासून बोटांपर्यंत पूर्ण हात एकाच वेळी मॅटवर आपटायचा, आणि त्याच क्षणी श्वास सोडायचा. हे जमलं की बसून, मग उकिडवं बसून, मग उभं राहून, मग चालता चालता. त्यानंतर जोडीदाराने हळू सोडल्यावर, आणि सगळ्यात शेवटी खऱ्या फेकीवर. मग कुशीवर पडणं आणि खांद्यावरून गोलांटी घेत पडणं. नऊ वर्षांच्या मुलाला यात तीन-चार आठवडे जावेत. पहिल्याच आठवड्यात मुलं एकमेकांना उचलून आपटायला लागली असतील तर तिथे पाठवू नका.

चुका बहुतेक ठरलेल्याच असतात. हात फार पसरला, अंगाशी काटकोनात गेला, तर धक्का खांद्यात जातो. फार जवळ राहिला तर कोपर अंगाखाली सापडतं. कुशीवर पडताना पाय एकमेकांवर पडले तर घोट्यावर घोटा आदळतो. श्वास धरून ठेवला तर छातीत कळ येऊन पोर घाबरतं आणि दुसऱ्या दिवशी यायला नको म्हणतं. सगळ्यात वाईट म्हणजे पडताना मागे हात टेकणं. सगळं वजन मनगटावर आणि कोपरावर येतं. लहान मुलांचं कोपराच्या वरचं हाड मोडतं ते बहुधा असंच, मग ती सायकलवरून पडलेली असोत की झाडावरून. हात टेकायची ही उपजत सवय मोडून तिथे दुसरी बसवणं म्हणजे उकेमी. ज्युडोचा पहिला फायदा हाच, आणि ज्युडो सोडला तरी अंगात राहणारा. हॉलंडमधल्या नाइमेखनच्या संशोधकांनी मोजून पाहिलं होतं की कुशीवर पडताना हे तंत्र वापरलं तर खुब्यावरचा आघात बराच कमी होतो. तिथे म्हाताऱ्या माणसांनाही ते शिकवतात.

बाकीच्या फायद्यांत पकडीची ताकद, एका पायावरचा तोल आणि हाडांची मजबुती ठामपणे सांगता येते. आत्मविश्वास वाढतो, पण तो पट्ट्याच्या रंगाने वाढत नाही. आपल्याला रोज पाडणाऱ्या मुलाला एक दिवस पाडता येतं, त्याने वाढतो. राग आवरणं, शिस्त हे शिकवणाऱ्यावर आहे. विद्येच्या नावावर ते खपवू नये.

डोक्याच्या माराचं तुम्ही विचारलंत ते योग्यच आहे. जपानमध्येच १९८३ ते २०११ या काळात शाळांच्या ज्युडोत शंभराहून जास्त मुलं दगावली. त्यात मेंदूवरच्या आवरणाखाली रक्तस्राव होऊन गेलेली बरीच होती, आणि ती मुख्यतः नवखी मुलं होती. ज्या फेकीत हे सर्वाधिक घडलं ती ओसोतो-गारी, म्हणजे समोरच्याला मागे झुकवून त्याचा पाय मागून कापणं. दिसायला सोपी, म्हणून शिकवणारे ती आधी घेतात. पण पडणारा सरळ मागे जातो आणि हनुवटी सुटली की डोक्याचा मागचा भाग आधी आदळतो. पहिल्या काही महिन्यांत ओसोतो-गारी जोरात खेळवू नये. सुरुवातीला पडणाऱ्याला गुडघ्यावर बसवून उकी-गोशी किंवा ओ-गोशी घ्यावी. दोन्ही कमरेवरून जाणाऱ्या फेकी आहेत, पडणारा कुशीवर येतो आणि फेकणाऱ्याला त्याला धरून ठेवता येतं.

फेकणाऱ्याचंही एक काम असतं ते नवख्या वर्गांत कुणी सांगत नाही. फेक संपताना समोरच्याची बाही सोडायची नाही, उलट वर खेचून धरायची. त्याने पडणाऱ्याचा खांदा उचललेला राहतो आणि डोकं मॅटला लागत नाही. तुम्ही पाहायला जाल तेव्हा एवढंच बघा: फेक झाल्यावर फेकणाऱ्या मुलाच्या मुठीत समोरच्याची बाही आहे का?

डोक्याला मार लागून पोराला गरगरलं, उलटी झाली, डोकं दुखत राहिलं, तर त्या दिवशीचा सराव तिथेच थांबवून सरळ दवाखाना. डॉक्टर सांगेपर्यंत मॅटवर नाही. पहिला मार पुरता बरा व्हायच्या आत दुसरा बसला तर तो जीवावर बेततो.

मुलीचं म्हणाल तर तेरा म्हणजे अजिबात उशीर नाही. जोडी लावताना वजनातला फरक शक्यतो दहा टक्क्यांच्या आत असावा आणि वर्गात आणखी दोन-तीन मुली असाव्यात. ज्युडो अंगाला अंग भिडवूनच शिकवावा लागतो, म्हणून वर्गाचं दार उघडं असावं आणि पालकांना बसून बघायला मोकळीक असावी. ती नाकारली तर दुसरा वर्ग शोधा.

तालमीतला

मातीचं मी सांगतो. उपयोगी पडतं अन् आडही येतं, दोन्ही खरं.

उपयोगी काय? अंगाची घडण. जोर, बैठका, दोरावर चढणं यांनी जो खांदा, मांड्या अन् पंजा तयार होतो तो ज्युडोत सोन्यासारखा लागतो. समोरच्याचा भार कुठल्या पायावर आहे हे मातीतल्या पोराला अंगाला अंग लागल्याबरोबर कळतं. ज्युडोत फेकीचे तीन टप्पे मानतात: आधी तोल मोडणं, मग स्वतःला जागेवर बसवणं, मग फेक. पहिला टप्पा तुमच्या पोराला निम्मा येतोच.

डावही ओळखीचे वाटतील. धोबीपछाड तिकडे इप्पोन-सेओई-नागे. टांग मारण्याशी हाराई-गोशी अन् उची-माता या पायाने उडवायच्या फेकी जुळतात. कलाजंग, म्हणजे समोरच्याला खांद्यांवर आडवा उचलून टाकणं, तिकडे काता-गुरुमा. पण हुबेहूब तेच समजून करायला गेला तर फसेल.

धोबीपछाडच घ्या. मातीत अंग उघडं असतं, म्हणून हात घट्ट कवटाळून जोराने वाकतात अन् जमलं नाही तर गुडघे टेकून ओढतात. मॅटवर जाकीट असतं. डाव्या हाताने त्याची उजवी बाही पुढे अन् वर खेचायची, घड्याळ बघतो तसा हात फिरवून. उजव्या कोपराच्या बेचक्यात त्याचा दंड पकडायचा. दोन्ही पावलं त्याच्या पावलांच्या आत यायला हवीत अन् आपली कंबर त्याच्या पट्ट्याच्या खाली. मग मान डावीकडे वळवत गुडघे सरळ करायचे, म्हणजे उचलायचं काम मांड्या करतात. कंबर खाली गेली नाही तर सगळं वजन आपल्या पाठीच्या मणक्यावर येतं. पावलं लांब राहिली तर मधे पोकळी राहते अन् समोरचा मागून गळ्यात हात घालतो. दोन्ही गुडघे एकदम टेकून धोबीपछाड लहान पोरांना शिकवूच नये. खालचं पोर डोक्यावर येतं.

आता आड येणारं. पहिलं म्हणजे पट. एकेरी असो की दुहेरी, उभ्याने पायाला हात लावणं ज्युडोच्या स्पर्धेत चालत नाही. २०१० मध्ये बरेच निर्बंध आले, २०१३ पासून पूर्ण बंद. त्यामुळे पाय धरून घेतलेली कलाजंगही गेली. मातीतल्या पोराचा हात आपसूक गुडघ्याकडे जातो, ते सुटायला वेळ लागतो. दुसरं, वाकून उभं राहणं. कुस्तीत तो पवित्रा आहे, ज्युडोत सतत वाकून बचाव केला की पंच शिक्षा देतात, अन् तशा तीन शिक्षा झाल्या की कुस्ती गेली. ताठ उभं राहून बाही अन् कॉलर धरायची.

तिसरं सगळ्यात धोक्याचं. मातीत आपण चीतपट वाचवायला मानेवर पूल करतो, म्हणजे डोकं अन् पाय टेकून अंगाची कमान करतो, किंवा हात टेकून पालथं पडतो. ज्युडोत पुलावर पडलं तरी ते पाठीवर पडलं असंच धरतात अन् समोरच्याला इप्पोन, म्हणजे पूर्ण विजय देतात. डोकं टेकून वाचणाऱ्याला शिक्षाही करतात. नियम मान वाचवायला केलेत. मातीत जे पोर सहज पडत नाही म्हणून त्याचं कौतुक होतं, तेच पोर मॅटवर हाताने स्वतःला सावरायला जाऊन कोपर निखळवून घेतं. म्हणून वस्तादांना अन् ज्युडोच्या शिक्षकांना दोघांनाही सांगून ठेवा की पोर दोन्हीकडे येतं. पहिले सहा महिने उकेमी पक्की होईपर्यंत मातीत फक्त मेहनत ठेवा, लढती नकोत.

हार-जीतही वेगळी. चीत व्हायला खांदे टेकावे लागतात. इप्पोनला समोरचा वेगाने, जोराने, पाठीवर पडला पाहिजे अन् पडेपर्यंत ताबा आपल्याकडे पाहिजे. नाहीतर जमिनीवर २० सेकंद दाबून धरायचं. मातीत पालथं पडून दम घेता येतो. इथे पालथ्या माणसाच्या गळ्याखालून कॉलर ओढून आवळता येते, अर्थात मोठ्या वयात. लहानांना आवळणं अन् सांधा उलटवणं शिकवू नये. तरीही दोनदा थापटलं की लगेच सोडायचं, हे पहिल्या दिवसापासून अंगवळणी पडलं पाहिजे.

तालीम सोडायला लावू नका एवढीच विनंती. येळ्ळूर, कंग्राळी, सांबरा या भागात अजून पोरं मातीत उतरतात, ती मेहनत मॅटवर कुठं मिळत नाही.

शहापूर_पेठ

कराटेबद्दल थोडक्यात, कारण मॅटवरची ताईंनी विचार करायला पुरेसं दिलंय.

कराटे ओकिनावा बेटावरचं. ते तेव्हा र्‍युक्यू हे वेगळं राज्य होतं, चीनशी व्यापार होता, आणि स्थानिक हात चालवण्यात चिनी विद्या मिसळत गेली. आन्को इतोसू यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ते ओकिनावातल्या शाळांत आणलं आणि मुलांसाठी पाच सोप्या काता बसवल्या. आज शोतोकान या कराटेच्या शाखेत त्यांनाच हेइआन म्हणतात. त्यांचे शिष्य गिचिन फुनाकोशी यांनी १९२२ मध्ये तोक्योत प्रात्यक्षिक केलं. मग जिगोरो कानोंनीच त्यांना कोदोकानमध्ये बोलावलं. कराटेचा पांढरा पोशाख आणि रंगीत पट्ट्यांची पद्धत ज्युडोतूनच आली. म्हणजे तुमच्या दोन पर्यायांचं नातं शंभर वर्षांचं आहे.

कराटेचे फायदे वेगळे. एकट्याने घरी सराव करता येतो, जागा कमी लागते, पडण्याचा धोका कमी, आणि कातामुळे लक्ष एकाग्र करण्याची सवय लागते. बुजऱ्या मुलांना अंगाला अंग भिडवणं पहिल्या दिवशी जड जातं. त्यांना ही सुरुवात बरी.

शिकवणं बरोबर आहे का हे मुठीवरून बघा. चार बोटं टोकापासून गुंडाळत आत घ्यायची, अंगठा बाहेरून तर्जनी आणि मधल्या बोटाच्या मधल्या पेरांवर दाबून बसवायचा. मनगट कोपरापुढच्या हाताशी एका रेषेत, आणि आघात पहिल्या दोन गाठींवर. अंगठा मुठीच्या आत राहिला तर तोच मोडतो. मनगट खाली वाकलं तर मुरगळतं. हवेत ठोसे मारताना कोपर पूर्ण ताठ करून झटका देणारी मुलं दिसली आणि शिक्षक गप्प असले तर ते कोपर काही वर्षांत दुखायला लागतं. पुढच्या पायावर वजन घेऊन उभं राहतात तेव्हा गुडघा अंगठ्याच्या दिशेने राहायला हवा, आत पडता कामा नये.

दर तीन महिन्यांना परीक्षा, दर परीक्षेला फी, आणि नऊ-दहा वर्षांच्या मुलाला दोन वर्षांत काळा पट्टा, असं दिसलं तर तो पट्टा कापडाचाच आहे समजा. नीट शिकलं तर काळ्या पट्ट्याला सहसा चार-पाच वर्षं तरी लागतात. आणि खरं शिकणं तिथून पुढे सुरू होतं.

तुमच्या मुलाच्या अंगात आधीच कुस्ती आहे. मला विचाराल तर त्याला ज्युडोच.

मलप्रभाकाठ

मनापासून आभार. मुलाला ज्युडोला घालायचं ठरतंय, मुलगी दोन्ही वर्ग बघून ठरवेल म्हणते. एक शंका. समुदाय भवनाला शहाबादी फरशी आहे. त्यावर दोन सेंटिमीटरच्या रंगीत, एकमेकांत अडकवायच्या मॅट टाकणार आहेत. चालतील का? आमच्याकडे जून ते सप्टेंबर पाऊस किती ते तुम्हाला ठाऊक आहेच, फरशी ओली होते. आणि जाकीट कुठलं घ्यायचं?

मॅटवरची

दोन सेंटिमीटरवर फेकी नकोत. कराटेला चालतात, ज्युडोत त्यावर फार तर जमिनीवरचे डाव खेळावेत. फरशीवर फेकायचं तर किमान चार सेंटिमीटरच्या दाट मॅट हव्यात, आणि पहिल्या वर्षी त्याखालीही काही लवचीक थर असला तर उत्तम. रबराच्या पट्ट्यांवर प्लायवूड टाकून वर मॅट, ही स्वस्तातली चांगली सोय. गादीसारखी फार मऊ मॅटही वाईट. पाऊल रुततं, आणि अंग फिरलं तरी गुडघा फिरत नाही.

१ मीटर × २ मीटरच्या १८ मॅट असल्या तर ६ × ६ मीटरची जागा होते. त्यावर एका वेळी चार-पाच जोड्यांनीच फेकी कराव्यात, बाकीच्यांनी कडेला बसून बघावं. जोड्या मधून बाहेरच्या दिशेला फेकतील अशा उभ्या करायच्या, म्हणजे पडणारी मुलं एकमेकांवर येत नाहीत. मॅटच्या कडेपासून भिंत, खांब, खुर्च्यांचा ढीग निदान दोन मीटर लांब. मॅटमध्ये फट पडू नये म्हणून चारी बाजूंनी लाकडी चौकट करून घ्या. फटीत पायाचं बोट अडकून मोडणं हे ज्युडोतलं अगदी नेहमीचं दुखणं आहे.

पावसाळ्यात फरशीला घाम येतो आणि मॅटच्या खालून बुरशी धरते. आठवड्यातून एकदा सगळ्या मॅट उचलून भिंतीला उभ्या करा, पंखा लावा, फरशी कोरडी पुसा. वरची बाजू रोज जंतुनाशकाने पुसून पूर्ण वाळली पाहिजे. ओलसर मॅट आणि घामट जाकीट यांतून नायटा, गजकर्ण झपाट्याने पसरतं. एका मुलाच्या मानेवर गोल चट्टा दिसला तर डॉक्टर मोकळीक देईपर्यंत त्याला कडेला बसवायचं, लाजायचं कारण नाही. बाहेरच्या चपला मॅटवर नाहीत आणि अनवाणी पायाने संडास-बाथरूमला जाणं नाही. हे दोन नियम कडक हवेत. नखं कापलेली. हातातला गंडा, करदोडा, पैंजण, कानातलं सगळं काढून. करदोड्यावर घरचे अडतात, पण तो ओढला गेला तर कातडी कापते.

जाकीट ३५० ते ४५० ग्रॅम प्रति चौरस मीटरचं, एकेरी विणीचं घ्या. स्पर्धेचं ७०० च्या आसपासचं जाड कापड आपल्या पावसाळ्यात दोन-दोन दिवस वाळत नाही. सुती असल्यामुळे पहिल्या धुण्यांत आटतं, म्हणून बाही मनगटाच्या दोन-तीन बोटं पुढे येईल असं. थंड पाण्यात धुवा, ब्लीच नको, त्याने धागा कुजून कॉलर फाटते. डावी बाजू उजवीवर घ्यायची. पट्ट्याची टोकं गाठीपासून २० ते ३० सेंटिमीटर राहावीत. मुलीने आत पांढरा गोल गळ्याचा टी-शर्ट घालायचा.

तालमीतला

एक राहिलं. सराव आठवड्यातून तीन दिवस, तास-सव्वा तास पुरे. त्यात दर वेळी उकेमीला पंधरा मिनिटं, पोर कितीही तयार झालं तरी. अन् वजन उतरवायला लावू नका. खालच्या गटात बसावा म्हणून वाढत्या पोराला उपाशी ठेवणारे शिक्षक आहेत. जपानच्या ज्युडो महासंघाने २०२२ मध्ये प्राथमिक शाळेतल्या मुलांची राष्ट्रीय वैयक्तिक स्पर्धाच बंद केली, कारण पालक अन् शिक्षक पदकासाठी लहान पोरांच्या मागे लागत होते. जिथून ही विद्या आली त्यांनी असं ठरवलं. नऊ वर्षांच्या पोराने बारापर्यंत फक्त खेळावं.

शहापूर_पेठ

मुलगी मात्र पुढे शालेय स्पर्धेत उतरू शकेल. शालेय क्रीडा स्पर्धांत ज्युडो वयोगट आणि वजनगटांनुसार असतो. जिल्हा, मग बेळगाव विभाग, मग राज्य असं वर जायचं असतं. मणिपूरच्या सुशीला देवी लिकमाबाम यांनी २०१४ आणि २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धांत ४८ किलो गटात रौप्य मिळवलं, तोक्यो ऑलिंपिकला भारताकडून ज्युडोत त्या एकट्याच होत्या. तिला त्यांच्या लढती दाखवा. एसएसएलसीच्या, म्हणजे दहावीच्या वर्षी सराव पूर्ण तोडू नका, आठवड्यातून एक दिवस ठेवला तरी उकेमी अंगात राहते.

कागदपत्रं आत्ताच बघून ठेवा. आपल्याकडे जन्मदाखला कन्नडमध्ये, शाळेच्या रजिस्टरला मराठीत आणि आधारवर इंग्रजीत, आणि तिन्हीकडे नाव थोडं वेगळं, असं फार घरांत आहे. प्रवेशिका भरताना तेच अडतं आणि ऐनवेळी दुरुस्ती होत नाही. आडनाव, वडिलांचं नाव आणि जन्मतारीख तिन्ही कागदांवर जुळतात का ते पाहा. नसेल तर आधी शाळेत मुख्याध्यापकांना भेटा. महाराष्ट्रातल्या चंदगड भागातली काही मुलं बेळगावच्या शाळांत येतात, तीही शाळा ज्या राज्यात आहे तिथूनच खेळतात, त्यामुळे राहण्याच्या पत्त्यावरून गोंधळायचं कारण नाही.

मलप्रभाकाठ

आधार आणि दाखल्यावर मुलीच्या वडिलांचं नाव खरंच वेगळं निघालं. सोमवारी शाळेत जाते. चौकटीचं आणि प्लायवूडचं समुदाय भवनाच्या समितीला सांगितलंय, सुतार गावातच आहे.